तीच वाटी

त्या दिवशी पाणी येणार होतं, त्यामुळे महेश्वरीचा दिवस पाचलाच सुरू झाला. चार दिवसांनी नळाला पाणी यायचं, आणि आलं की पिंप, हंडे, कळशा, गच्चीवरची टाकी सगळं भरून होईपर्यंत दुसरं काही सुचायचं नाही. अप्पा वर गच्चीत पाइप धरून उभे होते. शहात्तराव्या वर्षी जिना चढू नका म्हणून तिनं कितीदा सांगितलं असेल. पण दुकानाच्या गादीवरून उठल्यापासून एवढं एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं, आणि तेही काढून घ्यायची तिची हिंमत नव्हती. टाकी भरली की ते वरून हाक मारायचे, ती खालून मोटर बंद करायची. त्या दिवशीही तसंच झालं. मग त्यांनी आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, पूजा केली आणि चहाबरोबर दोन खाऱ्या खाल्ल्या. ती दुकानाला निघाली तेव्हा ते पेपर वाचत होते. तिनं येते म्हटलं, त्यांनी मान हलवली.

मार्च संपत आला होता. सकाळी नऊलाच बाळीवेशीतले रस्ते तापायला लागले होते.

दुकान शेंगा चटणीचं. पुढे फळ्यांवर पाकिटं, कडक भाकरीचे पुडे, कोपऱ्यात गादी. मागे भाजायची आणि कुटायची खोली. महेश्वरीच्या आजोबांनी सुरू केलेलं हे दुकान तिच्या अप्पांनी, चनबसप्पांनी, चौरेचाळीस वर्षं चालवलं. दिवाळीच्या पाडव्याला ते गादीवरून उठले आणि महेश्वरी बसली. त्याला आता पाच महिने होत आले होते.

अकराला अप्पा आले. रोज येत तसेच, धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. गादीसमोरची प्लास्टिकची खुर्ची त्यांनी ओढून घेतली आणि पाच महिने रोज म्हणत होते तेच म्हणाले.

"काय मालकीणबाई, पाव किलो मिळंल का? ताजी असली तर द्या. शिळी आमच्या घरी हाय."

दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. महेश्वरीही हसली. पहिल्या आठवड्यात तिला ही थट्टा गोड वाटली होती, दुसऱ्या महिन्यात टोचायला लागली, आणि आता तिचं काहीच वाटत नव्हतं. उन्हाळ्यात पंख्याचा आवाज येत राहतो तशी ती चालू असायची.

गिऱ्हाइकं गेल्यावर अप्पांनी विचारलं, "आजचा घाणा दाखव की जरा."

"पाकिटात भरून झाला, अप्पा."

झाला नव्हता. मागच्या खोलीत कुटणाऱ्या मल्लव्वाची मुसळी चालू होती, तिचा दणका दोघांनाही ऐकू येत होता. अप्पा थोडा वेळ तो आवाज ऐकत बसले. मग बरं म्हणाले आणि पिशवी घेऊन उठले.

दुपारी ती जेवायला घरी गेली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, दही, आणि अर्थात चटणी. अप्पांनी चटणीचा घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी पडतंय गं तुझं. लोक तोंडावर बोलत न्हाईत. नुसते यायचे बंद होतात."

"उद्यापासून वाढवते."

"वाढव."

संध्याकाळी ते सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन आले, तळ्याच्या काठाला दहा मिनिटं बसून आले, नऊला झोपले. सकाळी सहाला ती चहा घेऊन गेली तेव्हा ते कुशीवर होते आणि त्यांचा हात गार होता. तिनं कप खिडकीत ठेवला, त्यांच्याजवळ बसली, आणि बराच वेळ कुणालाच फोन केला नाही.

*

धाकटा भाऊ राजशेखर पुण्याहून निघाला. तो पोचेपर्यंत साडेअकरा होणार होते. तोवर भावकीतली माणसं जमली, मठातून स्वामी आले, आणि जे करायचं ते करू लागले. अप्पांना आंघोळ घातली. नवं धोतर, अंगभर विभूती, गळ्यात रुद्राक्ष, डोक्याला फेटा. त्यांच्यात माणसाला झोपवून नेत नाहीत, बसवून नेतात. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून पाट ठेवला आणि अप्पांना त्यावर मांडी घालून बसवलं. छातीभोवती पांढरं कापड फिरवून मागे खिडकीच्या गजाला बांधलं, म्हणजे मान आणि पाठ ताठ राहील. तळहातावर त्यांचं रोजच्या पूजेतलं इष्टलिंग ठेवलं.

महेश्वरीनं हे आई गेली तेव्हा पाहिलं होतं, आजोबांच्या वेळी पाहिलं होतं. तरी अप्पांना तसं बसलेलं बघून तिला धक्का बसला. ते दुकानात बसत तसेच बसले होते. तीच मांडी, तोच ताठपणा, गिऱ्हाइकाकडे न बघता रस्त्याकडे बघत असल्यासारखा चेहरा. पाच महिन्यांत खुर्चीवर बसून बसून त्यांची पाठ वाकली होती. ती आज पुन्हा सरळ झाली होती.

ती त्यांच्यासमोर सतरंजीवर बसली. बायका येत होत्या, फूल वाहत होत्या, डोकं टेकवून तिच्याजवळ बसत होत्या. ती काहीच बोलत नव्हती म्हणून थोड्या वेळानं उठत होत्या. भजनी मंडळ बाहेर मांडवात बसलं होतं. मल्लव्वा तिच्या मागे भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडाशी. दुकानात तिला छत्तीस वर्षं झाली होती. अप्पांच्या मिठाची गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती, एक महेश्वरी आणि दुसरी मल्लव्वा.

चटणीला माप नसतं असं अप्पा म्हणायचे. दाण्याला, तिखटाला, लसणाला माप होतं, मिठाला नव्हतं. दाणा जुना की नवा, मिरची कुठली, हवा कशी, यावर मीठ बदलतं, आणि ते जिभेलाच कळतं. म्हणून रोज सकाळी, चहासुद्धा न घेता, ते गादीवर बसायचे. मल्लव्वा पहिल्या घाण्याची चटणी स्टीलच्या वाटीत घेऊन यायची. अप्पा चिमूट जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "उप्प हाक." म्हणजे मीठ घाल. मल्लव्वा आत जायची, मीठ घालून पुन्हा चार दणके द्यायची, वाटी पुन्हा यायची. कधी दोनदा, कधी तीनदा. शेवटी अप्पा डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "साक." पुरे. तो शब्द आला की पाकिटं भरायला घ्यायची. घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलत, पण चटणीशी अप्पा फक्त कानडीत बोलायचे.

साथीच्या दुसऱ्या वर्षी अप्पांना ताप आला. पंधरा दिवसांत बरे झाले. चव गेली होती, ती परत आली असं ते म्हणाले, आणि सगळे तेच धरून चालले. पुढच्या वर्षभरात "उप्प हाक" वाढलं. तीनदा, चारदा. मल्लव्वा महेश्वरीला म्हणायची, "ताई, आज लई खारट झालंय बगा." महेश्वरी चाखायची आणि बिनमिठाचा कूट मिसळायला सांगायची. अप्पांना न कळता.

मग एक दिवस मिठाची बरणी रिकामी निघाली. अप्पा बाहेर वाटीसाठी ताटकळलेले. मल्लव्वानं घाबरून नुसतेच चार दणके दिले आणि तीच वाटी, तीच चटणी, पुन्हा नेऊन दिली. अप्पांनी चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. उघडले.

"साक."

मल्लव्वा हे सांगायला महेश्वरीकडे आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. सांगता सांगता तिचं हसू गेलं. दोघी दाण्याच्या पोत्यावर बसून राहिल्या.

त्यानंतर दीड वर्ष ते तसंच चाललं. मीठ महेश्वरी घालायची, पहाटे, अप्पा यायच्या आधी. मग वाटी बाहेर जायची, उप्प हाक, वाटी आत यायची, मल्लव्वा रिकाम्या उखळात मुसळी आपटायची, वाटी बाहेर जायची, साक. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. अप्पांना यातलं काही कळत होतं का, हे महेश्वरीला कधीच समजलं नाही. मात्र ती फार थकली. काम पूर्वीएवढंच होतं. थकवा येत होता तो रोज सकाळी दणके मोजत उभं राहण्याचा.

गेल्या वर्षी वैशाखात ती मावसबहिणीकडे वास्तुशांतीला माळशिरसला गेली. मल्लव्वा तापानं घरी होती. त्या दोन दिवसांत वैरागच्या एका लग्नघराची ऐंशी किलोची चटणी अप्पांनी रोजंदारीच्या बायका लावून, स्वतः उभं राहून करवून घेतली. आठ दिवसांनी त्यातली साठ किलो परत आली. टेम्पोवाल्यानं पोती उतरवताना विचारलं, मालक, चटणी करताय की मीठ विकताय? नशिबानं अप्पा तेव्हा देवळात गेले होते. ते आले तेव्हा महेश्वरीनं सांगितलं की दाणा खवट निघाला, व्यापाऱ्यानं फसवलं. अप्पांनी त्या व्यापाऱ्याला फोन करून अर्धा तास झाडलं. तो बिचारा सांगोल्याचा, वीस वर्षांचा संबंध. त्यानं पुन्हा दाणा पाठवला नाही.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "अप्पा, आता बसा की घरी. बीपी वाढतंय. मी बघते दुकान."

अप्पांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "मी बसलो की गादीवर कोण? तू?"

इथे तिला सांगता आलं असतं. जीभ गेली आहे हे त्या माणसाला सांगायचं म्हणजे चौरेचाळीस वर्षं त्यांनी स्वतःला जे मानलं तेच काढून घ्यायचं, असं तिला वाटलं. त्यापेक्षा आपण लोभी ठरलेलं परवडलं.

"हो," ती म्हणाली. "मी बसते."

"बसायची घाई झालीय म्हण की."

तिनं त्यांच्या ताटात भाजी वाढली.

पाडव्याला स्वामींना बोलावलं, पूजा झाली. भावकीतली पंधरावीस माणसं होती, राजशेखर बायको-मुलीला घेऊन आला होता. अप्पांनी तिच्या कपाळाला विभूतीची तीन बोटं ओढली, तिला हाताला धरून गादीवर बसवलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "पोरीला घाई झालती. असू दे. आमचं काय, आमी गिऱ्हाईक." माणसं हसली. अप्पाही हसले. तिथून ते वाक्य गावभर झालं. देवळात, लग्नात, मठात, जो भेटेल त्याला अप्पा हसत हसत तेच सांगायचे, आणि लोक महेश्वरीकडे वेगळ्या नजरेनं बघायचे. बिनलग्नाची मुलगी, कॉलेजातली नोकरी सुटली म्हणून दुकानात आली, आता बापालाच उठवलं. तोंडावर कुणी बोललं नाही, तरी तिला सगळं ऐकू येत होतं.

एकदा, संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा संपल्यावरच्या एका रिकाम्या दुपारी, ती म्हणाली होती, "अप्पा, एक सांगायचं होतं." त्यांनी पेपर खाली केला. "सांग की." त्यांच्या चेहऱ्यावर इतकी उत्सुकता होती की ती गॅस सिलिंडरबद्दल काहीतरी बोलून गेली.

*

राजशेखर आला तो थेट अप्पांच्या पायावर कोसळला. लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून रडला. भावकीतल्या रुद्रप्पाकाकांनी त्याला धरून बसवलं, पाणी दिलं. तो शांत झाला तेव्हा खोलीत बारातेरा माणसं होती. त्यानं महेश्वरीकडे पाहिलं. त्याचा आवाज मोठा नव्हता, आणि म्हणूनच सगळ्यांना नीट ऐकू गेला.

"अक्का, एवढी काय घाई होती गं? अजून दोनचार वर्षं बसू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? पाच महिन्यांत गेला माणूस."

रुद्रप्पाकाका जमिनीकडे बघत होते, आणि त्यांचं ते बघणं राजशेखरच्या बाजूचं होतं.

महेश्वरीच्या मागे मल्लव्वा सरसावून उभी राहिली. पदर तोंडावरून काढला. "राजूअण्णा, तुमाला काय म्हाईत हाय? मी सांगते. दोन वरसं झाली, मालकांची..."

"मल्लव्वा."

महेश्वरीनं मागे वळून न बघता म्हटलं होतं. मल्लव्वा थांबली.

"बाहेरच्या लोकांना चहा दिला का बघ."

"ताई, आवं पर..."

"बघ जा."

मल्लव्वा पाय आपटत स्वयंपाकघराकडे गेली, आणि आत कपबश्या जरा जास्तच जोरात वाजल्या. राजशेखर बहिणीकडे बघत राहिला. उत्तराची वाट बघत असावा. समोर अप्पा ताठ बसले होते, आलेल्या प्रत्येकाचं फूल स्वीकारत. खोलीतल्या सगळ्यांच्या मनात ते अजून चटणीची चव जाणणारे चनबसप्पा होते. एका वाक्यात ते मोडलं असतं आणि ती सुटली असती. तिला सुटावंसं फार वाटत होतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, आणि लोकांना ते तिचं दुःख वाटलं.

दुपार चढली. गच्ची तापली, विभूतीच्या वासात झेंडूचा वास मिसळला. तीन वाजता फुलांनी सजवलेली गाडी आली असा निरोप आला. बसवून न्यायचं म्हणजे गाडीवर पाट नीट बांधावा लागतो, त्यावरून बाहेर दोनतीन मतं झाली. राजशेखर, रुद्रप्पाकाका, सगळे पुरुष ते बघायला गेले. बायकांना कुणीतरी आरतीचं ताट करायला आत बोलावलं. भजन थांबलं होतं. खोलीत ती आणि अप्पा, आणि दाराच्या आत उभी असलेली मल्लव्वा.

सकाळपासून तिनं मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. तुम्ही मला समजून घेतलं नाहीत, असं काहीसं. नीट, मोजकं, बरोबर. एकांत मिळाला की ते त्यांना सांगायचं, निदान आता तरी सांगायचं, असं ठरवलं होतं. ती पुढे सरकली आणि त्यांच्या गुडघ्याजवळ बसली. गुडघा धोतरावरूनही थंड लागत होता.

वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथंच तिला पाडव्याचा दिवस आठवला. सगळे गेल्यावर ती दुकानात एकटी राहिली होती. गादीच्या कापसात अप्पांच्या बसण्यानं खोलगट जागा झाली होती, तिच्या मापापेक्षा मोठी. ती त्यात बसली होती, मग मधूनच उठून गादी उलटी केली होती आणि पुन्हा बसली होती. घरी येऊन चांगली दोन भाकऱ्या जेवली होती. दुसऱ्या दिवशी पहिला घाणा आला तेव्हा तिनं स्वतःच्या जिभेला पटेल तेवढं मीठ घातलं. अप्पांच्या चांगल्या दिवसांतल्या मापापेक्षा थोडं कमी. कधीपासून तिला ते तसं हवं होतं. कॉलेजात शिकताना, पुस्तक मांडीवर ठेवून दुकानाच्या कोपऱ्यात बसायची तेव्हापासून.

आणि वाटीचा खेळ चालत होता. वैरागची ती एक ऑर्डर सोडली तर दीड वर्षात काही बिघडलं नव्हतं. माळशिरसला गेली नसती, किंवा जाताना कुलूप घालून गेली असती, तर आणखी चार वर्षं चालला असता.

बाहेर गाडीवर दोर आवळताना कुणीतरी धर, धर म्हणत होतं. आता येतील. मल्लव्वा दारातून रस्त्याकडे बघत उभी होती, पाठ खोलीकडे करून.

महेश्वरीनं अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अप्पा, तुमची चव गेली होती. दोन वर्षं झाली. मल्लव्वा तीच वाटी परत आणायची आणि तुम्ही साक म्हणायचात. मी कुणाला सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही."

ती थांबली. बाहेरची पावलं पायऱ्यांपर्यंत आली होती.

"पण तुम्ही म्हणत होता तेही खरं होतं. मला बसायचं होतं, अप्पा. तुमची जीभ चांगली होती तेव्हापासून बसायचं होतं. मला घाई झाली होती."